घर चोरीला गेलं, आणि ते कुणाचं याची नोंद कुठेच नाही

नॅरोबोट, म्हणजे इथल्या कालव्यांवरची लांब-अरुंद, माणसं घरासारखी राहतात ती बोट, चोरीला गेली असं सांगितलं की समोरचा माणूस पहिला प्रश्न विचारतो, "इन्शुरन्स होता ना?" गेल्या ऑक्टोबरात आमच्या ओळखीच्या एका बाईंची बोट गेली, तेव्हा हा प्रश्न इतक्या जणांकडून ऐकला की आज सविस्तर लिहायलाच बसले आहे. पोस्ट लांब आहे. पण इकडे इंग्लंडात कालव्याच्या आसपास राहणाऱ्या, रोज संध्याकाळी काठाने फिरणाऱ्या मराठी मंडळींनी तरी ती शेवटपर्यंत वाचावी अशी मनापासून विनंती आहे.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी थोडं आधी सांगते. आपल्याकडे कालवा म्हटलं की पाटबंधारे खातं, आवर्तन आणि उसाचं पाणी आठवतं. इथले कालवे मालवाहतुकीसाठी खोदले गेले. १७६१ साली ड्यूक ऑफ ब्रिजवॉटरने वर्स्लीच्या खाणीतला कोळसा मँचेस्टरकडे न्यायला कालवा काढला आणि पुढच्या साठ-सत्तर वर्षांत देशभर त्यांचं जाळं पसरलं. जेम्स ब्रिंडली या इंजिनियरने मिडलंड्समधल्या कालव्यांची लॉक, म्हणजे बोट वरच्या पातळीवरून खालच्या पातळीवर नेणाऱ्या दरवाजांच्या टाक्या, जेमतेम सात फूट रुंद ठेवली. म्हणून नॅरोबोटही सहा फूट दहा इंच रुंद, आणि लांबी मात्र पार सत्तर-बहात्तर फुटांपर्यंत. आधी रेल्वेने आणि मग ट्रकने धंदा खाल्ला, कोळशाच्या फेऱ्या संपल्या. बोटी मात्र राहिल्या. आज इंग्लंड-वेल्समधले सुमारे २,००० मैलांचे जलमार्ग कॅनॉल अँड रिव्हर ट्रस्ट सांभाळतो आणि त्यांवर हजारो माणसं बारा महिने बोटीतच राहतात. कुणी हौसेने राहतं, कुणाला घरभाडं परवडत नाही म्हणून राहतं, आणि बऱ्याच जणांच्या बाबतीत दोन्ही खरं असतं.

या बाई नर्स म्हणून निवृत्त झालेल्या. निवृत्तीचा पैसा घालून त्यांनी ५७ फुटी बोट घेतली. आत कोळशाची शेगडी, एका माणसापुरतं स्वयंपाकघर, बेताचा पलंग. डोळ्याच्या ऑपरेशनसाठी त्या दोन दिवस बहिणीकडे गेल्या होत्या. परत आल्या तर काठावर दोन लोखंडी खुंटे तसेच ठोकलेले, एका खुंट्याला निळ्या दोराचा हातभर तुकडा, कापलेला, आणि त्यांनी उतरताना गवतात ठेवलेली पाण्याची झारी. बाकी नुसतं पाणी. त्यांच्याजवळ होती ती खांद्यावरची पिशवी आणि डोळ्यात घालायचे थेंब. पेन्शनचे कागद, चष्म्याचा नंबर, आईचे फोटो, हिवाळ्याचे कपडे, सगळं बोटीबरोबर गेलं. इन्शुरन्स होता. पण परवान्यासाठी इथे फक्त थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे आणि त्यांचा तेवढाच होता. बोटीच्या चोरीचा एक पेनीही त्यातून मिळणार नव्हता.

पोलिसांनी फोनवर तक्रार घेताना पलीकडून पहिलं विचारलं गेलं, "पोस्टकोड सांगा." कालव्याच्या काठाला कुठला पोस्टकोड? बोटीवरची माणसं पुलाच्या क्रमांकावर जागा सांगतात. प्रत्येक पुलावर छोटी पाटी असते आणि त्यांना तो पत्ता पुरतो. फॉर्मला पुरत नाही. मग "वाहनाचा नंबर?" आणि मग "कायमचा पत्ता?" आपलं घर नाहीसं झाल्याचं सांगायला फोन केलेल्या बाईला कायमचा पत्ता विचारला गेला. मी शेजारी बसले होते. त्यांनी शांतपणे बहिणीचा पत्ता दिला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

आता चोरीचं बघा. लोकांना वाटतं, एवढं पंधरा-वीस टनांचं लोखंडी धूड कोण कसं पळवेल? फार सोपं आहे. दोर कापायचा किंवा सोडायचा, इंजिन चालू करायचं, निघायचं. लॉकच्या झडपा उघडायला विंडलस नावाचा वाकडा दांडा लागतो. तो बोटीच्या सामानाच्या दुकानात कुणालाही विकत मिळतो, आणि बहुतेक बोटींत दाराशीच टांगलेला असतो. कालव्यावर वेगाची मर्यादा ताशी ४ मैल, म्हणजे भरभर चालणारा माणूस बोटीच्या पुढे जाईल. शिवाय जायला दिशा दोनच, पुढे नाहीतर मागे. मग सापडायला काय हरकत आहे?

बोटवाल्यांचा एक जुना हिशोब आहे. मैल आणि लॉक यांची बेरीज करायची, तिला तीनने भागायचं, तेवढे तास लागतात. मिल्टन कीन्स शहराच्या उत्तर टोकाकडून ग्रँड युनियन कालव्याने निघालं की कॉसग्रोव्हला एक लॉक, मग स्टोक ब्रुअर्नला सात, मग ब्लिसवर्थचा जवळजवळ २.८ किलोमीटरचा बोगदा, आणि पुढे गेटन जंक्शन. एकूण सोळा-सतरा मैल नि आठ लॉक. आठ-नऊ तासांचं काम. गेटनला नॉर्थॅम्प्टनचा फाटा फुटतो. सतरा लॉक उतरलं की बोट नीन नदीत. ती नदी ट्रस्टच्या ताब्यात नाही, एन्व्हायर्न्मेंट एजन्सीकडे आहे. नीनने पीटरबरोकडे गेलं की केंब्रिजशायर. म्हणजे बैलगाडीच्या वेगाने चाललेली बोट काही दिवसांत तीन पोलीस दलांच्या हद्दी आणि दोन जलमार्ग संस्थांची दप्तरं ओलांडते. वाटेत शेकडो माणसं तिला बघतात. हात करतात. चोरही उलट हात करतो. चालती बोट बघून कुणाला संशय का यावा?

बाईंची बोट काही आठवड्यांनी सापडली, नीनवरच. सापडली ती दुसऱ्या बोटवाल्यांमुळे. फोटो ग्रुपवर फिरत होता आणि एका गृहस्थांनी छपरावरच्या हवेच्या झाकणांची आणि गोल खिडक्यांची मांडणी ओळखली. हिरव्या बोटीला गडद निळा रंग मारला होता, परवान्याच्या क्रमांकाच्या पाट्या उपटल्या होत्या. पण बाजूवर रंगाऱ्याने जाड थरात काढलेलं जुनं नाव नव्या रंगाखालून फुगून दिसत होतं. संध्याकाळचं तिरकं ऊन पडलं की अक्षरं वाचता येत. मी स्वतः जाऊन त्या अक्षरांवरून हाताचं बोट फिरवून पाहिलं.

बोटीत एक तरुण मुलगा राहत होता, आणि तो चोर नव्हता. त्याने ऑनलाइन जाहिरात बघून रोख पैसे मोजले होते. साठवलेले होते, थोडे आजीने दिले होते. त्याच्याकडे सही केलेला विक्रीचा कागद होता. आणि या कागदापाशी मला खरं म्हणायचं आहे ते सुरू होतं.

या देशात कालव्यावरच्या बोटीची मालकी कुठेही सक्तीने नोंदवली जात नाही. ट्रस्टचा परवाना असतो, पण तो पाण्यावर बोट ठेवण्याचा परवाना आहे, मालकीचा पुरावा नव्हे. दर चार वर्षांनी होणारी सुरक्षा तपासणी गॅस आणि वायरिंग बघते, मालक बघत नाही. जहाजांच्या राष्ट्रीय नोंदवहीच्या पहिल्या भागात मालकी नोंदवता येते, पण ते ऐच्छिक आणि खर्चिक. कालव्यावरची फार थोडी माणसं तिकडे वळतात. १९९८ नंतर बांधलेल्या बोटींच्या अंगावर चौदा अक्षरांचा ओळखक्रमांक असतो, एक दिसेल असा आणि एक लपवलेला. पण कालव्यांवर सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या बोटी भरपूर आहेत आणि त्यांच्यावर काहीच नाही. बाईंची तशीच होती. आपण सातबाऱ्यावरून कितीही भांडलो तरी तलाठ्याकडे गट नंबर सांगून विचारायची सोय तरी असते. इथे ४०-५० हजार पाऊंडांची बोट घेणाऱ्याने कुणाकडे जाऊन विचारायचं? विकणाऱ्याचा चेहरा बघायचा, आणि त्याने दाखवलेल्या कागदावर विश्वास ठेवायचा.

परिणाम असा की दोन माणसं बुडाली. चोराला जे आपलं नाही ते त्याला विकता येत नाही, हे इंग्लंडच्या कायद्याचं जुनं तत्त्व. बोट बाईंची ठरली, मुलाचे पैसे गेले. पण ती ठरेपर्यंत बाईंना फार फिरावं लागलं, कारण दोघांकडेही कागदच होते आणि "हा तुमचा आपसातला वाद आहे" असं ऐकून घ्यावं लागलं. आणखी एक गोष्ट वकिलांकडून कळली तेव्हा मी हादरलेच. चोरीचा माल कुणी प्रामाणिकपणे विकत घेतला, तर त्या खरेदीपासून सहा वर्षांत मूळ मालकाने दावा केला नाही तर त्याचा हक्कच संपतो. १९८० च्या मुदतीच्या कायद्यातच आहे. रंग बदललेली बोट आडबाजूच्या धक्क्यावर सहा वर्षं निवांत राहू शकते.

नोंदवही ठेवणं अशक्य आहे, असं मला कुणी सांगू नये. याच देशाने ती ठेवली होती. १८७७ च्या कॅनॉल बोट्स ॲक्टने माणसं राहत असलेली प्रत्येक कालव्यावरची बोट नोंदवणं सक्तीचं केलं. तेव्हा अख्खी कुटुंबं दहा फुटांच्या केबिनमध्ये राहायची. जॉर्ज स्मिथ नावाच्या माणसाने त्या मुलांच्या शाळेसाठी आणि आरोग्यासाठी रान उठवलं, त्यातून तो कायदा झाला. हेतू चोरी रोखण्याचा नव्हता. तरीही कुठल्या गावी नोंद आणि क्रमांक काय, हे केबिनच्या बाजूवर रंगवलेलं असायचं. आजही जुन्या जतन केलेल्या बोटींवर ते दिसतं. टेलिफोनही धड नसलेल्या काळात शाई-टाकाने हे जमत होतं. आणि आपल्याकडे २६/११ ला पळवलेल्या 'कुबेर' बोटीने काय केलं ते आपण विसरणं शक्य नाही. त्यानंतर आपल्या किनाऱ्यावर मच्छीमारांना बायोमेट्रिक ओळखपत्रं आली, राज्यानुसार बोटींना रंग ठरले. अंमलबजावणीबद्दल बोलण्यासारखं खूप आहे, पण बोट कुणाची हे सरकारला माहीत असलं पाहिजे, एवढं तरी तिथे मान्य झालं.

नोंदणीला विरोध करणारे बोटवालेही आहेत आणि त्यांचं म्हणणं मला पटतं. ज्यांना कायमचा धक्का नाही त्यांनी एका जागी सलग १४ दिवसांपेक्षा जास्त थांबायचं नाही, असा १९९५ चा कायदा आहे. त्यावरून परवाने अडतात, नोटिसा निघतात. आजारी माणसाला, शाळकरी मुलांच्या आई-बापाला हे फार जड जातं. अशा माणसांना आणखी एक नोंद म्हणजे आपल्याला हुसकायचं आणखी एक हत्यार वाटतं. म्हणूनच मालकीची नोंद परवाना देणाऱ्या संस्थेकडे नको. ती वेगळी असावी, तिच्यात बोट कुठे उभी आहे हे नसावं. फक्त ओळखखुणा, मालक कोण, कर्ज आहे का आणि चोरीची तक्रार आहे का. फी नाममात्र असावी. खरेदी करणाऱ्याला पाच मिनिटांत तपासता यावं. याहून जास्त काहीही मागत नाही.

आणि पोलिसांच्या प्रशिक्षणात १९६८ च्या चोरीच्या कायद्यातलं कलम ९ नीट शिकवावं. त्यात साफ लिहिलं आहे की माणूस राहतो ती बोट घरफोडीच्या कलमापुरती इमारतीसारखीच धरायची, राहणारा त्या वेळी आत नसला तरीही. बाई बहिणीकडे होत्या म्हणून ती बोट 'रिकामी' ठरत नव्हती. कायद्याने तिला घर मानलेलं आहे. फोनवरच्या माणसाच्या स्क्रीनवर तसा पर्याय असायला नको का?

नोंदवही होईल तेव्हा होईल. तोवर बोट असणाऱ्यांनी एवढं करा. दोर आहेतच, शिवाय एक जाड साखळी कुलपाने अडकवा. बोट सोडून जाताना सुकाणूची दांडी काढून आत किंवा सोबत न्या. विक्रीचा मूळ कागद बोटीत ठेवू नका. हवेची झाकणं, खिडक्या, वेल्डिंगच्या खुणा, इंजिनचा नंबर, सगळ्याचे फोटो काढून बोटीबाहेर कुणाकडे तरी ठेवा. लपवायचा ट्रॅकर आता स्वस्त आहे. घेणाऱ्यांनी रोख घाईचा सौदा करू नका. मागच्या मालकांची साखळी मागा, सुरक्षा तपासणीवरचं नाव-वर्णन जुळवून बघा, त्या भागातल्या बोटवाल्यांना फोटो दाखवा.

आणि मिल्टन कीन्स, स्लाऊ, रेडिंगकडे कालव्याकाठी चालणाऱ्या आपल्या लोकांना सांगते. अंधार पडल्यावर सहसा कुणी बोट हाकत नाही. दिवा लावून रात्री लॉक पार करणारी, बाजूवर क्रमांकाची पाटी नसलेली, ताज्या रंगाच्या वासाची बोट दिसली तर वेळ, दिशा आणि जवळच्या पुलाचा क्रमांक टिपून घ्या. पोलिसांच्या १०१ क्रमांकावर कळवा आणि बोटवाल्यांच्या ग्रुपवर टाका. स्वतः जाऊन कुणाला अडवू नका. बाईंच्या बोटीचा फोटो मी फॉरवर्ड केला तेव्हा आपल्या मंडळातल्या तिघांनी, "अरे, ही तर आमच्या पुलाखालून गेली!" असं लिहिलं होतं. त्यांनी पाहून आठवडा उलटून गेला होता.