सोलचा ओढा आणि ते तीन खांब

नदीसुधार म्हटलं की आपल्याकडे दक्षिण कोरियातल्या सोलच्या चोंग्येचॉन ओढ्याचा फोटो हमखास पुढे येतो. यंदा उन्हाळ्यात तो प्रत्यक्ष पाहिला आणि मनापासून आवडला. पण ज्यासाठी त्याचं कौतुक होतं, त्यासाठी नाही.

आधी चांगलं सांगते. वर काचेच्या उंच इमारती, बसगाड्यांची रांग. पायऱ्या उतरलं की रहदारीचा आवाज मागे पडतो, पाण्याचा खळाळ ऐकू येतो. दुपारच्या सुट्टीत ऑफिसातली माणसं बूट-मोजे काढून पाण्यात पाय सोडून बसलेली. पात्रातल्या दगडांवरून आज्या माझ्यापेक्षा भराभर पलीकडे जात होत्या. तिकीट नाही, आणि शिट्टी मारून उठवणारा रखवालदार मला तरी दिसला नाही.

पण हे पाणी त्या ओढ्याचं नाही बरं का! मूळचा ओढा पाऊस सरला की जवळजवळ कोरडाच पडायचा. आज दिसतं ते मुख्यतः हान नदीतून पंपाने उचललेलं, रोज सुमारे 1 लाख 20 हजार टन, आणि त्यात मेट्रो स्टेशनांत झिरपणारं भूजल. पंप बंद, ओढा बंद. स्पष्टच बोलायचं तर हे जवळजवळ सहा किलोमीटर लांबीचं कारंजं आहे.

मग माझं कौतुक कशाला? पाडापाडीला. गटार झालेला हा ओढा 1950च्या दशकाच्या अखेरीपासून काँक्रीटखाली गाडत नेला, पुढे त्याच्यावर उड्डाणपूल चढवला. रोज लाखाहून जास्त गाड्या जाणारा हा रस्ता 2003 मध्ये महापौर ली म्योंग-बाक यांनी पाडायला काढला. (हे गृहस्थ पुढे राष्ट्राध्यक्ष झाले, आणि नंतर भ्रष्टाचारापायी तुरुंगातही गेले. असो.) गाड्या जाणार कुठून, हा प्रश्न तिथेही होताच. 2004 मध्ये शहरातले बसमार्ग नव्याने आखले, बसला रस्त्याच्या मधोमध वेगळ्या मार्गिका दिल्या. ऑक्टोबर 2005 मध्ये ओढा लोकांना खुला झाला. शहर काही बंद पडलं नाही. पूर्वेकडे चालत गेलात तर त्या पुलाचे तीन खांब पात्रात मुद्दाम ठेवलेले दिसतात. मी सर्वांत जास्त वेळ तिथेच थांबले.

किंमत मात्र भलत्यांनीच मोजली. काठावरच्या फेरीवाल्यांना उठवून दोंगदेमुनच्या जुन्या स्टेडियममध्ये बसवलं. काही वर्षांत स्टेडियमही पाडलं, तिथे वास्तुविशारद झाहा हदीद यांची चकचकीत वास्तू उभी राहिली, आणि फेरीवाल्यांना पुन्हा गाठोडी बांधावी लागली. याचा फोटो कुणी दाखवत नाही.

आमच्या पुण्यात खडकवासल्यातून जास्त पाणी सोडलं की नदीपात्रातला रस्ता बंद होतो, तिथे लावलेल्या गाड्या काढायची धावपळ होते, आणि पूर ओसरला की रहदारी पुन्हा सुरू. हा रस्ता कायमचा उखडून टाकू म्हणणारा महापौर मिळाला तर माझं मत त्याला. काठावरची बाकं आणि रोषणाई मागाहून बघू.