बेकारी भत्ता: चोर सोडून संन्याशाला फाशी नको

बेकारी भत्त्याचा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, "घरी बसून फुकटचे पैसे खातात." मला हे वाक्य सहन होत नाही. भत्त्यात चोरी होते, प्रचंड होते, पण सगळ्यात मोठा डल्ला मारणाऱ्यांचा बेकारीशी काही संबंधच नसतो.

अमेरिकेचं बघा. मार्च २०२० मध्ये, कोरोनात, तिथे स्वयंरोजगारवाल्यांनाही भत्ता द्यायचा कायदा झाला. लोकांच्या हातात पैसा पोहोचवायची घाई होती आणि ती रास्तच होती. पण सुरुवातीला अर्जदाराच्या शब्दावरच पैसे सुटत होते. कामाचा पुरावा मागायची तरतूद वर्ष संपताना आली, तोवर टोळ्यांनी हात धुऊन घेतले होते. चोरलेले ओळख क्रमांक, कैद्यांची नावं, मृतांची नावं. एकच क्रमांक अनेक राज्यांत चालला, कारण एका राज्याची यादी दुसऱ्याशी सगळीकडे नीट ताडून बघितली जात नव्हती. तिथल्या सरकारी लेखापरीक्षण संस्थेचा २०२३ चा अंदाज आहे १०० ते १३५ अब्ज डॉलरच्या चोरीचा.

युक्त्या किती साध्या होत्या बघा. जीमेलच्या पत्त्यात नावामध्ये कुठेही टिंब टाका, मेल त्याच इनबॉक्समध्ये येते. सरकारी पोर्टलला मात्र प्रत्येक टिंबागणिक नवा माणूस दिसतो. एक इनबॉक्स, अर्ज ढीगभर. वॉशिंग्टन राज्याला मे २०२० मध्ये दोन दिवस सगळेच पैसे थांबवावे लागले. कित्येकांना तर आपल्या नावाने अर्ज गेल्याचं ऑफिसने विचारल्यावर कळलं, आणि ते त्या वेळी त्याच ऑफिसात कामावर होते!

मग लोक म्हणतात, कॉम्प्युटरलाच पकडू द्या चोर. तेही करून झालंय. अमेरिकेच्याच मिशिगन राज्यात २०१३ ते २०१५ या काळात मशीन परस्पर ठरवत होतं, कोण लबाड. कंपनीने कळवलेला पगार आणि अर्जातली माहिती जुळली नाही की माणसाच्या ऑनलाइन खात्यात प्रश्नावली जायची. उत्तराला दहा दिवस. भत्ता कधीच बंद झालेला, ते खाते उघडणार कोण? उत्तर नाही म्हणजे गुन्हा कबूल. घेतलेली रक्कम परत, वर चौपट दंड, तोही पगारातून आणि टॅक्सच्या परताव्यातून कापून. नंतर फेरतपासणी झाली, तेव्हा मशीनने एकट्याने निकाल दिलेल्या २२ हजारांवर प्रकरणांपैकी ९३ टक्के चुकीची निघाली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

ऑस्ट्रेलियात रोबोडेटने, म्हणजे जादा दिलेला भत्ता मशीनने शोधून वसूल करायच्या सरकारी योजनेने, वेगळाच घोळ घातला. वर्षाच्या कमाईला २६ पंधरवड्यांनी भागलं आणि ती सरासरी प्रत्येक पंधरवड्यावर चिकटवली. सहा महिने नोकरी केली, पुढचे सहा महिने भत्ता घेतला, असा सरळ माणूस हिशेबात एकदम लबाड ठरला. तूच सिद्ध कर की तू कमावत नव्हतास, असा उलटा न्याय. लाखो लोकांना वसुलीच्या नोटिसा गेल्या. शेवटी २०२० मध्ये सरकारला पैसे परत करायचं जाहीर करावं लागलं आणि २०२३ मध्ये चौकशी आयोगाने या योजनेची पार चिरफाड केली.

माझं म्हणणं इतकंच, की चोर दारात अडवा. पैसे सुटण्याआधी मृत्यूची नोंद, तुरुंगाची यादी, कंपनीची पगार नोंद, शेजारच्या राज्याची यादी ताडून बघा. एकाच बँक खात्यात दहा जणांचे भत्ते जात असतील तर ते थांबवा. खाते क्रमांक अचानक बदलला तर जुन्या फोनवर विचारा. इथे मशीन जरूर लावा, ते याच कामाचं आहे.

पण "तू फसवलंस" हे वाक्य मशीनने कुणालाही म्हणू नये. ते म्हणायला समोर माणूस हवा, कागद वाचलेला, आपल्या निर्णयाखाली सही करणारा. आणि संशयावरून कुणाचे पैसे रोखले, तर किती दिवसांत निकाल द्यायचा हे नियमात लिहिलेलं हवं आणि फोन उचलणारं कुणीतरी हवं. नोकरी गेलेल्या माणसाचं घरभाडं चौकशी संपायची वाट बघत नाही.