बॅगलेस म्हणजे बिनखर्ची? फिरत्या मेसेजला उत्तर

दिवाळीची झाडलोट जवळ आली की एक मेसेज हटकून फिरायला लागतो. संभाजीनगरच्या सोसायट्यांचे ग्रुप असोत की लातूर-नांदेडकडचे भावकीचे, मजकूर तोच: "बॅगवाला व्हॅक्यूम क्लीनर चुकूनही घेऊ नका. बॅगचा खर्च जन्मभर मागे लागतो. बॅग भरली की सक्शन मरतं, बॅगलेसचं कधीच कमी होत नाही. बॅग हे जुनं तंत्र आहे. घरात दम्याचा पेशंट असेल तर हेपावाला बॅगलेसच घ्या. आणि वॉट जास्त बघा." बॅगलेस म्हणजे धूळ पिशवीऐवजी डब्यात साठवणारी मशीन, आणि हेपा म्हणजे अतिबारीक कण अडवणारा फिल्टर. एवढ्याशा मजकुरात बरंच काही गाळलंय.

आधी खर्च. आपल्याकडच्या दुकानात जी स्वस्तातली बॅगवाली मशीन मिळते, तिच्यात बहुतेक वेळा कापडी पिशवी असते. भरली की झटकायची, पुन्हा लावायची. तिला कसला आलाय जन्मभराचा खर्च? मेसेज लिहिणाऱ्याच्या डोक्यात भरली की फेकून द्यायची कागदी किंवा नॉनवोव्हन (न विणता, तंतू दाबून केलेल्या कापडाची) पिशवी आहे. तिचा खर्च आहेच, आणि हिंगोली-परभणीत नेमक्या आपल्या मॉडेलची पिशवी दुकानात मिळणं मुश्कील, बाहेरून मागवावी लागते, हेही मान्य. पण बॅगलेसमध्ये फिल्टर असतात की! एक मोटरच्या आधी, बहुतेक मशीनमध्ये दुसरा हवा बाहेर पडते तिथे. धुता येणारा फिल्टरसुद्धा धुऊन धुऊन विटतो आणि कधीतरी बदलावाच लागतो. म्हणजे खर्च आहेच, फक्त तो पिशवीच्या नावावर पडत नाही.

शिवाय मेसेजमध्ये पाण्याचं नाव नाही. हा मेसेज मराठवाड्यात लिहिला गेला नसावा, असं मला तिथेच वाटतं. 2016 साली मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं होतं. आजही कितीतरी घरांत नळाला चार-सहा दिवसांनी पाणी येतं, मार्च उलटला की टँकरची वाट बघायची. आणि धूळ सगळ्यात जास्त उडते ती त्याच दिवसांत. फिल्टर नुसता धुऊन भागत नाही, तो खडखडीत वाळावा लागतो, साधारण अख्खा दिवस. दमट असतानाच बसवला तर आतल्या धुळीचा चिखल होतो, कुबट वास सुटतो आणि ओल मोटरकडे जाते. श्रावणात तर दोन दिवस टांगला तरी ओलाच. बॅगलेस घ्यायचाच असेल तर जास्तीचा एक फिल्टर सोबतच घ्या. एक वाळत असला की दुसरा लावता येतो.

आता "सक्शन कधीच कमी होत नाही" हा दावा. बॅगलेसच्या डब्यात हवा गरागरा फिरते, जड धूळ भिंतीकडे फेकली जाऊन खाली पडते. लातूरच्या डाळमिलवर पत्र्याचं मोठं नरसाळं दिसतं ना, तोच सायक्लोन, फक्त तळहाताएवढा केलेला. मोठा कचरा, केस, कणीकोंडा याने उत्तम वेगळा होतो. पण अतिबारीक कण इतके हलके असतात की ते फेकलेच जात नाहीत. हवेबरोबर सरळ फिल्टरवर जाऊन बसतात. आणि आपला फुफाटा कशाचा? काळ्या मातीचा. या मातीत चिकणमातीचं प्रमाण मोठं, आणि चिकणमातीचा सुटा कण 2 मायक्रॉनहूनही लहान, म्हणजे मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाहून कमी. सगळी धूळ इतकी बारीक नसते, गुठळ्याही असतात, पण फिल्टर चोंदवायला हा बारका हिस्सा पुरेसा आहे. चोंदला की बॅगलेसचंही सक्शन मरतं. उलट जुन्या कागदी पिशवीची छिद्रं लवकर बुजत, तशी हल्लीच्या अनेक पदरी नॉनवोव्हन पिशवीची बुजत नाहीत. ती बरीच भरेपर्यंत ठीक खेचते. रंगकामाआधीच्या पुट्टीची घासलेली भुकटी मात्र दोघांच्याही मुळावर येते. ती घरच्या मशीनने ओढूच नका.

जुनं-नवं हा वाद तर पोकळच आहे. जेम्स डायसन या ब्रिटिश संशोधकाने सायक्लोनची कल्पना लाकडाच्या कारखान्यातून उचलली, 5,127 नमुने करून पाहिले आणि 1993 मध्ये स्वतःच्या नावाने मशीन बाजारात आणली. म्हणजे घरगुती बॅगलेसही काही कालचा नाही. आणि कारखान्यांत अजूनही सायक्लोननंतर उरलेली बारीक धूळ पकडायला बॅगफिल्टरच लावतात.

दम्याच्या मुद्द्यावर मात्र मेसेज धोक्याचा आहे. हेपा ही चांगली गोष्ट, 0.3 मायक्रॉनच्या आसपासचे, पकडायला सगळ्यात अवघड कणही ती 99.95 टक्क्यांच्या पुढे अडवते. पण ती अडवते मशीन चालू असताना. डबा उघडून कचऱ्याच्या पेटीत उपडा केला की तीच धूळ ढग होऊन तोंडावर येते. कापडी पिशवी झटकणं तर त्याहून वाईट. फेकायच्या पिशवीचं तोंड बंद करून ती तशीच टाकता येते, म्हणून दम्याच्या घरात मी तीच सुचवीन, मागवायचा त्रास धरूनसुद्धा. बॅगलेसच असेल तर डबा अंगणात, मास्क लावून आणि पेशंट सोडून दुसऱ्या कुणीतरी रिकामा करावा. खोक्यावर "हेपासारखा" असं काही छापलं असेल तर तो हेपा नव्हे, हेही बघा.

बॅगलेसची बाजू आहेच. कानातली रिंग ओढली गेली तर डब्यात दिसते. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या पोराला पिशव्या मागवत बसायची कटकट नाही. माणसं धडधाकट, पाणी मुबलक, कचरा मुख्यतः केस आणि कणीकोंडा, अशा घराला तोच परवडेल.

राहिले वॉट. ते वीज किती खाल्ली जाते ते सांगतात, धूळ किती खेचली जाते ते नाही. युरोपीय संघाने 2014 मध्ये 1600 वॉटची आणि 2017 मध्ये 900 वॉटची मर्यादा घातली, आणि तिथली घरं काही धुळीत बुडाली नाहीत. खोक्यावर सक्शनचा आणि हवेच्या प्रवाहाचा आकडा शोधा. दोन हजार वॉटचं स्टिकर बघून घेतलेली मशीन घरच्या इन्व्हर्टरवर सुरूच होत नाही, हे लाइट गेल्यावर कळतं. आणि तोवर गाद्या अंगणात काढून झालेल्या असतात.