आईनं दुरुस्त केलेली कविता

परवा एका कविसंमेलनात बाबांवरची कविता वाचली. खाली उतरल्यावर एका ज्येष्ठ कवींनी बाजूला घेऊन अगदी मायेनं सांगितलं, कविता चांगलीये पण फार घरगुती झालीये, ‘बाबा’ऐवजी ‘श्रमिक’ कर, मिलचा भोंगा काढ, आणि ‘गड्डा’ नको ‘यात्रा’ म्हण, सोलापूरबाहेर गड्डा म्हणलं की लोकांना कोबीचा वाटतो. तेव्हा मी नुसती मान हलवली. पण रात्रभर तेच डोक्यात, आणि मला ते पटलेलं नाही म्हणून इथं लिहितोय.

त्यातल्या चार ओळी अशा होत्या:

शिफ्टवरून आले की बाबा
आधी केसातला कापूस झटकायचे
मग आमच्या डोक्यावरून हात फिरवायचे
मग कापूस आमच्या केसात

दुसऱ्या दिवशी आईला वाचून दाखवली. ती शेंगा फोडत बसली होती. शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "केसात कुठला रे, डोक्याला टॉवेल बांधलेला असायचा की त्यांच्या. कापूस भुवयांवर बसायचा, पापण्यांवर पण. मी ओल्या फडक्यानं पुसायचे, तेव्हा डोळे मिटून गप बसायचे."

बाबांना जाऊन बावीस वर्षं झाली आणि ते ओलं फडकं मला कुणी आजपर्यंत सांगितलं नव्हतं. मी ‘श्रमिक’ लिहिलं असतं तर आईनं ऐकलं असतं, छान म्हणाली असती आणि परत शेंगा फोडायला लागली असती, कारण श्रमिकाच्या कुठं काय होतं हे तिला काय माहीत, तिला तिच्या नवऱ्याच्या पापण्या माहीत.

सोलापूरच्या पूर्व भागातल्या माझ्या मित्रावरच्या कवितेचं पण असंच झालं. घरात ते तेलुगू बोलायचे, आमच्याशी मराठी. पुढच्या खोलीत दोन माग, दिवसभर खटखट, त्यामुळं त्या घरात सगळेच मोठ्यानं बोलायचे, आम्ही दारात दिसलो की त्याची अव्वा जेवायला बसवायची. हे सगळं लिहून त्याला व्हॉट्सॲपवर पाठवलं. तो आता भिवंडीला असतो. लगेच फोन, अजून तसाच ओरडून बोलतो, "काय बे, अव्वा तुला ‘जेव’ कधी म्हणली? ‘तिनु रा’ म्हणायची." मग आम्ही दोघंही जरा वेळ काहीच बोललो नाही.

आईवर, मैत्रीवर लिहिलेल्या पुष्कळ कविता खरंच कंटाळवाण्या असतात, हे मान्य. पण त्या घरगुती असतात म्हणून नाही, उलट त्यात घरच नसतं. आई म्हणजे देव, आई म्हणजे सावली, ही कुणाचीही आई असू शकते. त्यात एक फडकं पाहिजे, एक हाक पाहिजे.

आणि आपल्या गावाचं नाव कवितेत घालायला आपण सोलापूरकरांनी तरी का बिचकावं? बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी कन्नडमधे वचनं, म्हणजे छोट्या भक्तिकविता, लिहिली, आणि वचनाच्या शेवटी सहीसारखी त्यांची मुद्रा असायची ‘कपिलसिद्धमल्लिकार्जुन’, म्हणजे त्यांचं आराध्य दैवत, ज्याची स्थापना त्यांनी इथंच, आपल्या गावात केली. आठशे वर्षांवर झाली, ती वचनं अजून म्हणली जातात. त्याच सिद्धरामाचा आपला गड्डा, संक्रांतीला सात नंदीध्वज, ते पेलणारे पांढऱ्या बाराबंदीतले लोक, आणि होम मैदानावर बाबांच्या खांद्यावरून पाहिलेला पाळणा. याला मी ‘यात्रा’ म्हणू? यात्रा कुठल्याही गावची असते. ज्याला गड्डा माहीत नाही तो विचारेल, आणि त्याला मी घरी जेवायला बोलवून सगळं सांगेन.

ज्येष्ठ कवींवर राग नाही, त्यांनी चांगल्या मनानंच सांगितलं. फक्त माझी कविता तपासायचा पहिला हक्क आईचा.

काल रात्री दिवा मालवताना तिनंच विचारलं, "ते पापण्यांचं घातलंस का?" घातलं म्हणलं. वाच म्हणाली. वाचलं. मग अंधारातच म्हणाली, "फडकं माझ्या जुन्या इरकलीचं होतं. हिरव्या."