क्रिप्टोकोरीनची पानं विरघळली, तरी ती सोपी कशी? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

माशांच्या लहान टँकसाठी वनस्पती सुचवणाऱ्या माझ्या लेखावर तुम्ही बरंच कडक लिहिलंत. थोडक्यात तुमचं म्हणणं असं: क्रिप्टोकोरीन ही पाणवनस्पती सोपी म्हणून लावली आणि आठवड्याभरात तिची पानं विरघळून गेली, उलट शेजारी खोचलेला लकी बांबू मात्र ताजातवाना आहे. ॲन्युबियस आणि जावा फर्न म्हणजे नुसता गडद हिरवा रंग. आणि हॉर्नवर्टसारखं गवत टँकमध्ये भरायला सांगून मी नवख्यांची हौस मारतो. त्यापेक्षा जोरदार दिवा घ्यायला सांगावा आणि लाल रोपं, हिरवा गालिचा लावायला सांगावं.

आधी क्रिप्टोकोरीनबद्दल, कारण तुमचं रोप बहुधा अजून जिवंत आहे.

विक्रीला येणाऱ्या बऱ्याचशा पाणवनस्पती रोपवाटिकेत पाण्याबाहेर, दमट हवेत वाढवलेल्या असतात. तिथे त्या लवकर वाढतात आणि त्यांच्यावर शेवाळ धरत नाही. पण हवेत आलेलं पान हवेसाठीच घडलेलं असतं: जाडसर, वरून मेणचट थर असलेलं. पाण्याखाली त्याचा निभाव लागत नाही. रोप ते पान सोडून देतं आणि मुळांतल्या साठ्यावर नवं, पातळ, पाण्यातलं पान काढतं. हे कमीअधिक प्रमाणात अनेक वनस्पतींचं होतं, क्रिप्टोकोरीनचं मात्र एकदम आणि डोळ्यांत भरेल असं होतं. पाणी बदललं, जागा बदलली, दिवा बदलला तरी ती पानं टाकते. म्हणून तिला उपटू नका. कुजलेली पानं तेवढी कापून बाहेर काढा, कारण ती टँकमध्ये सडली की माशांना विषारी असलेला अमोनिया वाढतो. ती मुख्यतः मुळांतून खाते, तेव्हा खाली नुसती वाळू किंवा खडी असेल तर मुळांजवळ खताची एक गोळी दाबून ठेवा. मग तीन-चार आठवडे हात लावायचा नाही. प्रत्येक वेळी उपटून ‘बघितलं’ की तिची मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

लकी बांबूचं नेमकं उलट आहे. तो ड्रसीना, म्हणजे जमिनीवरचं झाड. मुळं पाण्यात आणि पानं हवेत असली तर तो मजेत राहतो. पूर्ण बुडवला तर कित्येक आठवडे हिरवा दिसतो आणि मग आतून मऊ पडून कुजतो. पानं पाण्याबाहेर येतील असा उंच करा, नाहीतर काढून टाका. सिंगोनियमची रोपंही अशीच पाणवनस्पती म्हणून विकली जातात, त्यांनाही हाच नियम. पहिल्या महिन्यात जुनी पानं बघून रोपाची परीक्षा करू नका. नवं पान येतंय का, तेवढं बघा.

आता दिव्याबद्दल. इथे मी तुमच्याशी अजिबात सहमत नाही, आणि ठामपणे सांगतो, कारण नवख्यांचे टँक बहुतेक याच सल्ल्याने शेवाळात जातात. वनस्पतीला प्रकाश हवा, कार्बन हवा आणि पोषकद्रव्यं हवीत. प्रकाश वाढवला की बाकी दोन्हींची भूक वाढते. कार्बन डायऑक्साइड हवेतल्यापेक्षा पाण्यात सुमारे दहा हजार पटींनी हळू पसरतो, त्यामुळे पाण्याखालच्या पानाला तो मुळातच अपुरा पडतो. तिथे दिवा दुप्पट केला तर रोप दुप्पट वाढत नाही, ते अडून बसतं, आणि त्याला न वापरता आलेला प्रकाश शेवाळ वापरतं. कार्बन डायऑक्साइडचा सिलेंडर न जोडलेल्या लहान टँकला साधा दिवा रोज सहा ते आठ तास पुरे. त्याला टायमर लावा, कारण हाताने लावलेला दिवा रात्री हमखास विसरला जातो.

मॉन्टे कार्लो किंवा क्यूबा या बुटक्या, पसरणाऱ्या रोपांचा दाट गालिचा आणि अल्टरनॅन्थेरा या रोपाचा गडद लाल रंग मलाही फार आवडतो. पण तो थाट सहसा पाण्यात लिटरमागे ३० मिलिग्रॅमच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सोडून उभा केलेला असतो. पंचवीस-तीस लिटर पाण्यात ही मात्रा राखणं नवख्याला अवघड जातं. वायू जरा जास्त सुटला की मासे पृष्ठभागावर येऊन धापा टाकू लागतात. रात्री तर वनस्पती स्वतःच कार्बन डायऑक्साइड सोडतात, म्हणून तेव्हा सिलेंडर बंदच ठेवावा लागतो. मासा कसा वागतो, पाणी कधी बिघडतं हे अजून कळायचं असताना हे ओझं कशाला? रंगच हवा असेल तर क्रिप्टोकोरीन वेंडटायची तपकिरी-तांबूस जात घ्या. टायगर लोटसचा कंद मध्यम प्रकाशातही लालसर पान देतो, फक्त पृष्ठभागाकडे धावणारी पानं वेळच्या वेळी खुडावी लागतात, नाहीतर लहान टँक ती एकटीच झाकून टाकते.

आणि हॉर्नवर्ट. त्याला गवत म्हणून हिणवू नका, नव्या टँकमधलं सर्वांत कामाचं रोप तेच आहे. माशांची विष्ठा आणि उरलेलं खाणं यांतून अमोनिया तयार होतो. त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरमध्ये वस्तीला यायला महिना-दीड महिना लागू शकतो. पाणी कमी म्हणजे विष पातळ व्हायलाही जागा कमी. या काळात भराभर वाढणारं रोप अमोनिया थेट खाऊन टाकतं, आणि शेवाळाच्या तोंडचा घासही काढून घेतं. ॲन्युबियस हे काम करू शकत नाही. ती इतकी सावकाश वाढते की नवं पान यायला आठवडे जातात, आणि उघड्या प्रकाशात तेच पान शेवाळाचं घर होतं. म्हणूनच माझ्या यादीत दोन्ही आहेत: हॉर्नवर्ट किंवा तरंगता वॉटर स्प्राइट पाणी सांभाळतो आणि वरून सावली देतो, त्या सावलीत ॲन्युबियस आणि जावा फर्न स्वच्छ राहतात. त्यातलं एकच उचललं तर यादी अर्धवट राहते. हॉर्नवर्टला मुळं नसतात, त्यामुळे ते नुसतं सोडून द्यायचं. सुरुवातीला सुईसारखी पानं गाळतं, ती जाळीने काढा. पुढे टँक स्थिरावला की कमी करत न्या. मात्र काढलेला गठ्ठा ओढ्यात-तळ्यात टाकू नका, ते तिथेही तितक्याच जोमाने पसरतं.

गडद हिरव्याची तक्रार मी मान्य करणार नाही. काळसर लाकडावर बांधलेली जावा फर्न आणि तिच्यासमोरून फिरणारे छोटे मासे, यात बघण्यासारखं भरपूर आहे. फक्त तिचं आणि ॲन्युबियसचं आडवं खोड वाळूत पुरू नका, ते कुजतं. दोऱ्याने लाकडाला बांधा, खाली फक्त मुळं जाऊ द्या. जावा फर्नच्या पानाखाली काळे ठिपके ओळीने दिसले तर तो रोग नाही, तिथे बीजाणू तयार होतात.

आता एक करा. क्रिप्टोकोरीनच्या बुंध्याशी वाळू जराशी बाजूला सारून बोटाने दाबून बघा. कडक लागला तर वाळू परत सारखी करा आणि थांबा. लिबलिबीत लागून वास आला तर ते रोप गेलं, काढून टाका. बुंधा कसा लागला, दिवा किती तास चालू असतो आणि टँकमध्ये मासे कोणते आहेत, एवढं कळवा. गोल्डफिश असतील तर मऊ पानांची बरीचशी रोपं ते खाऊन टाकतील, आणि मग यादी वेगळी करावी लागेल.