खुब्याला विचारा

घरची गादी घेताना माणूस तिच्यावर बसतो, दोनदा उसळतो, बायकोच्या चेहऱ्याकडे बघतो आणि मग भाव विचारतो. ट्रेकला न्यायची कॅरीमॅट घेताना मात्र आपण ती सरळ वजनकाट्यावर ठेवतो. झोपायचंय कुणाला, काट्याला?

हा वजनाचा सोस कुठून येतो हे कळण्यासारखं आहे. शुक्रवारी रात्री ठाणे स्टेशनात सॅक पाठीला लावून कसारा लोकलची वाट बघताना ग्रॅम-ग्रॅम जाणवतो. म्हणून टूथब्रशचा दांडा अर्धा कापणारे लोक आहेत. यातल्या बऱ्याच जणांनी कंबरेला आठ-दहा किलोंची एक कायमची सॅक बांधलेली असते, पण तिचा बेल्ट कुठे सोडायचा हे कुणालाच सापडलेलं नाही. दोन मॅटमधला फरक 400 ग्रॅमचा, म्हणजे अर्धी बाटलीसुद्धा पाणी नाही. त्यासाठी रात्रभर हरिश्चंद्रगडाच्या गुहेत कातळाशी कुस्ती खेळायची का, हा प्रश्न दुकानात विचारायचा असतो. आपण तो रात्री अडीचला विचारतो.

पाठीवर झोपणाऱ्यांची गोष्ट वेगळी. त्यांचं वजन सगळीकडे वाटलं जातं, त्यामुळे सेंटिमीटरभर फोमवरही ही मंडळी घोरतात. कुशीवर झोपणाऱ्याचं सगळं वजन दोन जागी येतं, खांदा आणि खुबा. खुब्याला चरबीचं अस्तर कमी आणि स्वाभिमान जास्त. म्हणून घेण्याआधी एक परीक्षा करा. घरातल्या टाइल्सवर मॅट पसरायची आणि आपण नेहमी झोपतो त्या कुशीवर, मोबाइल न बघता, वीस मिनिटं पडायचं. दुकानात दोन मिनिटं लोळून काही कळत नाही, कारण खुबा पहिली दहा मिनिटं पाहुण्यासारखा वागतो.

आता जाती. सगळ्यात साधी फोमची गुंडाळी. त्यातही टीव्हीच्या खोक्यात येतो तसा पांढरा, चुरचुरणारा फोम घेऊ नका. तो दोन-चार ट्रेकमध्ये चपटा होतो आणि नंतर नुसती हजेरी लावतो. दाट, बंद बुडबुड्यांचा ईव्हीए किंवा एक्सएलपीई फोम घ्या, 10 मिलिमीटरचा. वजन साधारण 300 ते 400 ग्रॅम. पाणी पीत नाही, पंक्चर होत नाही, चहा सांडला तरी पुसून टाकायचा. घरातली योगा मॅट घेऊन निघणाऱ्यांना दंडवत. ती बहुधा पीव्हीसीची असते, किलोभर भरते, आणि सहा मिलिमीटरमध्ये योग होतो, झोप होत नाही.

फोमचं एकच दुखणं, आकार. गुंडाळी सॅकला आडवी बांधली की दोन्ही बाजूंनी वीतभर बाहेर येते, आणि लोकलच्या दारात तुम्ही वळलात की डब्यातलं अख्खं जनमत तुमच्याविरुद्ध वळतं. वाटेत कारवीची झुडपं तिचे लचके तोडतात ते वेगळंच. त्यापेक्षा मॅट सॅकच्या आत उभी घालायची, नळकांड्यासारखी, आणि मोकळी सोडायची. ती आतून सॅकच्या भिंतींना चिकटते, मग बाकीचं सामान मधल्या पोकळीत भरायचं. सॅक ताठ उभी राहते, पातेल्याचा कान पाठीला टोचत नाही आणि मॅट कोरडी राहते. सॅक 50 लिटरच्या आतली असेल तर हे जमत नाही, तेव्हा उभी बांधा आणि मुकाट्याने बोलणी खा.

दुसरी जात आपोआप फुगणारी. आत उघड्या बुडबुड्यांचा फोम, वर कापड, कोपऱ्यात व्हॉल्व्ह. व्हॉल्व्ह उघडून पंधरा-वीस मिनिटं ठेवली की फोम हवा ओढून घेतो, वर आपल्या दोन-तीन फुंकरा. आरामाला चांगली, पण बहुतेकींचं वजन पाऊण-एक किलो. आणि घरी आल्यावर तिला गुंडाळून माळ्यावर टाकली की फोम दबून बसतो, मग ‘आपोआप’ हा शब्द फक्त पाकिटावर उरतो. ती व्हॉल्व्ह उघडा ठेवून, पसरून, पलंगाखाली ठेवायची असते. वन-बीएचकेमध्ये पलंगाखाली आधीच काय काय आहे, तो विषय इथे नको.

तिसरी, हवेची. हिच्यावर सगळ्यांचा डोळा. सात-आठ सेंटिमीटर जाड, वजन 350 ते 500 ग्रॅम, घडी केली की पाण्याच्या बाटलीएवढी, आणि परदेशी असेल तर किंमत पाच आकडी. खुबा हिच्यावर जाम खूश असतो. पण ही सांभाळायची म्हणजे जावईच.

तोंडाने फुगवली तर वीसेक फुंकरांत डोळ्यांपुढे काजवे येतात, आणि फुंकरीतली वाफ आत जाऊन बुरशी धरते. ठाण्याच्या हवेत बुरशीला निमंत्रण लागत नाही. म्हणून सोबत मिळणारी पंपाची पिशवी वापरा. शिवाय फुंकर असते 37 अंशांची. ती गडावर 12 अंशांपर्यंत थंड झाली की सुमारे 8 टक्क्यांनी आकसते. माणूस मध्यरात्री उठतो, मॅट मऊ लागली म्हणून पंक्चर शोधतो आणि शेजाऱ्याच्या तोंडावर टॉर्च मारतो. पंक्चर नसतंच. फुगवून अर्धा तास ठेवायची आणि झोपण्याआधी दोन फुंकरा भरायच्या.

नगाऱ्यासारखी टणक मात्र करू नका, रात्रभर घरंगळाल. पूर्ण भरा, कुशीवर पडा आणि थोडी थोडी हवा सोडा. खुबा जमिनीला टेकायला दोन बोटं बाकी राहिली की थांबा.

खरं पंक्चर होतं ते बाभळीच्या, बोरीच्या काट्याने, नाहीतर गुहेतल्या बारीक खड्यांनी. आधी जमीन हाताने चाचपून झाडा, खाली प्लॅस्टिकचा कागद घाला. गळती घरी शोधायची तर बादलीत मॅट मावत नाही. ती टणक फुगवून दाढीच्या ब्रशने साबणाचं पाणी फासत जा आणि बुडबुडा आला की पेनने गोल करा. हवा काढा, धुऊन वाळवा, स्पिरिटने पुसा, मगच पॅच लावा. ओल्यावर लावलेला पॅच पहिल्याच रात्री वेगळा संसार थाटतो. फुगवलेली मॅट उन्हात विसरू नका. हवा प्रसरण पावते, आतले सांधे सुटतात, आणि मधोमध टेंगूळ येतं. त्याला औषध नाही.

पाकिटावर आर-व्हॅल्यू नावाचा आकडा असतो. मॅट उष्णतेला किती अडवते, याचा तो आकडा. ठाणेकराला तो लवकर पटत नाही, कारण उष्णता घराबाहेर कशी जाईल याच विवंचनेत त्याचा जन्म गेलेला असतो. पण स्लीपिंग बॅगमधला भराव अंगाखाली चेपला की निकामी होतो, आणि खालून कातळ तुमची ऊब व्याजासकट वसूल करतो. पूर्वी प्रत्येक कंपनी हा आकडा आपल्या मर्जीने मोजायची. 2018 मध्ये एएसटीएम एफ3340 हे मोजणीचं एकसारखं मानक आलं, आणि त्यानुसार मोजलेले आकडे आता शेजारी ठेवून बघता येतात. सह्याद्रीत डिसेंबरलाही 2 पुरतात, हिमालयात बर्फावर 5 च्या पुढे बघा. आत अस्तर नसलेली नुसती हवेची मॅट मात्र 1 च्या आसपास रेंगाळते, कारण आतली हवा फिरत राहते आणि ऊब खाली पोचवते. गंमत म्हणजे दोन मॅटचे आकडे बेरजेने जमतात. 2 ची फोम खाली आणि 2.5 ची हवेची वर, की झाले 4.5. माझं मत विचाराल तर हीच जोडी घ्या. वरची दगा देते त्या रात्री खालची असते.

हवेच्या मॅटची शेवटची अडचण पहाटे येते. गुहेत वीस माणसं झोपलेली, बाहेर अजून उजाडलेलं नाही. तुम्ही व्हॉल्व्ह उघडता, गुडघ्याने दाबत मॅट गुंडाळायला घेता, आणि कातळात घुमणारा एक लांबलचक, थरथरता आवाज निघतो. अंधारात कुणीतरी फिस्सकन हसतं. हा आवाज मॅटचा आहे, हे अशा वेळी सांगू नये. कुणी विश्वास ठेवत नाही.