‘पिक अप’ म्हणजे जोर धरणे, ‘पर्क अप’ म्हणजे तरारणे

इंग्रजी शिकवणाऱ्या तक्त्यांवर माझा जुना राग आहे. स्पीड अप, पिक अप, स्टेप अप, लिव्हन अप, पर्क अप एकाखाली एक लिहायचं, समोर ‘वेग येणे, उत्साह येणे’ असं ठोकून द्यायचं, की झालं! पाठ होतं सगळं. मग मुलं ‘पिक अप द वर्क’ लिहितात आणि कामाला वेग येण्याऐवजी कुणीतरी ते उचलून नेतं.

या क्रियापदांत नेमकं कशाला चैतन्य येतंय, ते आधी बघा. आपण जिथे ‘जोर धरला’ म्हणतो तिथे पिक अप: वारा, विक्री, धंदा. आपोआप होणारी गोष्ट. कर्म लावायचंच तर स्पीड किंवा पेस लावा: ‘द ट्रेन पिक्ड अप स्पीड’. स्टेप अप याच्या उलट, त्यामागे कुणाचा तरी निर्णय असतो. उत्पादन, गस्त, प्रयत्न स्टेप अप करतात. वाऱ्याला ते जमत नाही.

पर्क अपसाठी आधी मान टाकलेली हवी. सुकलेलं रोप पाणी मिळताच तरारतं, ते पर्क अप. थकलेल्या माणसाला तरतरी येते, तेही तेच. मैफल रंगते किंवा कुणी तिच्यात रंगत आणतं, तेव्हा लिव्हन अप. स्पर्धा तापली की ब्रिटिश हॉट अप म्हणतात, अमेरिकन हीट अप.

मरगळ घालवायला इंग्रजीनं मसाल्याचा डबाही उघडलाय. पेप अपमधला ‘पेप’ हा पेपरचा, म्हणजे मिरीचाच तुकडा. जिंजर अपमध्ये आलं आहे आणि स्पाइस अपमध्ये तर अख्खा मसाला!

सर्वात जास्त चूक होते ती सर्वनामाच्या जागेची. ‘स्पीड अप द प्रोसेस’ आणि ‘स्पीड द प्रोसेस अप’ दोन्ही चालतात, पण ‘इट’ आलं की ते मधेच बसतं: ‘स्पीड इट अप’. ‘स्पीड अप इट’ चूक. बोलताना जोर ‘अप’वर द्या. वॉर्म-अपसारखं नाम झालं की मात्र जोर पहिल्या शब्दावर सरकतो. भूतकाळात ‘स्पीडेड अप’ बिनधास्त लिहा. ‘स्पेड अप’ही चालतं.

आणि ‘अप’ म्हणजे वाढ, हे सूत्रही कच्चंच. स्लो अप आणि स्लो डाउन, दोन्हींचा अर्थ वेग कमी होणे! त्या जोडीला आपण बनवलेलं ‘स्पीड डाउन’ मात्र इंग्रजीत चालत नाही.